मोजणीत न येणारी गोळी

ऑन्टारियोतील ‘मेड्सचेक’, म्हणजे फार्मासिस्टने रुग्णासमोर बसून त्याची सर्व औषधे एकेक करून तपासण्याची सरकारी खर्चाची सेवा, एप्रिल २००७पासून चालू आहे. तिच्या पात्रतेच्या अटींमुळे ज्यांना परत पाठवावे लागते अशा संधिवाताच्या रुग्णांविषयी फार्मासिस्ट वाचकांकडून येणाऱ्या पत्रांचा सूर आता तक्रारीचा राहिलेला नसून उद्वेगाचा झाला आहे, आणि तो उद्वेग रास्त आहे. वार्षिक तपासणीसाठी रुग्णाकडे प्रांताचे आरोग्यपत्र असावे लागते आणि दीर्घकालीन आजारासाठी लिहून दिलेली किमान ३ औषधे चालू असावी लागतात. मधुमेहींसाठी स्वतंत्र तरतूद आहे. इतरांना मात्र ही संख्या भरावीच लागते, आणि या मोजणीत चिठ्ठीविना घेतलेली गोळी धरली जात नाही.

या अटीचा परिणाम एका नेहमीच्या रुग्णाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सत्तरीच्या गृहस्थांना रक्तदाबासाठी रामिप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रल अशी दोन औषधे चालू असून, गुडघेदुखीसाठी ते किराणा दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन सकाळ-संध्याकाळ घेतात. आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याची निर्मिती रोखून वेदना कमी करतात; परंतु हेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त नेणारी धमनिका रुंद ठेवते. दाहशामकाने ती धमनिका आकसते, रामिप्रिलमुळे गाळणीतून बाहेर पडणारी धमनिका सैल होते आणि मूत्रल औषधाने रक्ताचे आकारमान घटते, म्हणजे गाळणीतील दाब तीन बाजूंनी खाली येतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ब्रिटनमधील रुग्णनोंदींवरून २०१३ साली दाखवून दिले, की अशा तिहेरी संयोगात मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याचा दर एकूण ३१ टक्क्यांनी आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी अधिक असतो. ज्या तिसऱ्या गोळीमुळे धोका निर्माण झाला तीच मोजायची नसल्यामुळे नियमाच्या लेखी हा रुग्ण दोन औषधांचा ठरतो, आणि ज्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी तोच अपात्र म्हणून घरी जातो.

हेल्थ कॅनडाने या औषधांच्या बाबतीत हयगय केली असे म्हणता येणार नाही. रोफेकॉक्सिब हे दाहशामक सप्टेंबर २००४मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून गेले. २०१४मध्ये डायक्लोफेनॅकची कमाल दैनिक मात्रा १०० मिलिग्रॅमवर आणली गेली. २०१५मध्ये आयबुप्रोफेनच्या २४०० मिलिग्रॅम या मात्रेविषयी इशारा दिला गेला. चिठ्ठीविना मिळणाऱ्या आयबुप्रोफेनच्या वेष्टनावर दिवसाला १२०० मिलिग्रॅमची मर्यादा छापलेली असते. परंतु दिवसभरात पोटात गेलेल्या सर्व दाहशामकांची बेरीज कोणीतरी करत आहे हे या प्रत्येक मर्यादेने गृहीत धरले आहे, आणि ती बेरीज करणारी यंत्रणाच नाही. ब्रिटिश कोलंबियातील ‘फार्मानेट’ ही नोंदवही चिठ्ठीवर दिलेल्या औषधांची चोख नोंद ठेवते; दुकानातून स्वतः उचललेल्या डबीची नोंद तीत आपोआप होत नाही.

कॅनडातील मराठी कुटुंबांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. सुपर व्हिसावर आलेले आईवडील जुलै २०२२पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू शकतात. त्यांच्यासाठी किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा लागतो, पण प्रांताचे आरोग्यपत्र त्यांच्याकडे नसते, आणि म्हणून मेड्सचेकही नसते. सामानातून मात्र व्होवेरान, झेरोडॉल, कॉम्बिफ्लॅम या दाहशामकांच्या पट्ट्या आलेल्या असतात. कात्रीने कापलेल्या पट्टीवर कित्येकदा नाव अर्धेच उरते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते. झेरोडॉलमधील असेक्लोफेनॅक हे रासायनिकदृष्ट्या डायक्लोफेनॅकचेच भावंड; त्यावर मुलाने आणून दिलेली नॅप्रोक्सेनची गोळी घेतली, की एका दिवसात दोन दाहशामके होतात, आणि घरात कोणालाच त्याची कल्पना नसते.

नियम बदलायला वेळ लागेल. प्रश्न विचारायला लागत नाही. येथे व्यावसायिकांचीही ढिलाई नमूद करणे भाग आहे. ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाला वडीलधारी माणसे ‘बीपीची एक, बाकी काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात, कारण दुखण्यावरची गोळी त्यांच्या लेखी औषध नसते. आणि ऐकणारा ते उत्तर तसेच उतरवून घेऊन पुढच्या रुग्णाकडे वळतो. ‘गुडघे, पाठ, डोके दुखले की काय घेता? आठवड्यातून किती दिवस? भारतातून काय आणले आहे?’ हे तीन प्रश्न मराठीत विचारले, तर खरी यादी मिनिटभरात हाती येते. फाइलमध्ये गोळीचे नाव, मात्रा आणि दिवस यांची एक ओळ लिहिण्यास कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत थांबवायच्या औषधांच्या डायबिटीस कॅनडाच्या यादीत दाहशामके आहेत, हेही त्याच वेळी सांगता येते.

पर्याय सुचवतानाही व्यवस्था आडवी येते. गुडघ्याच्या झिजेत डायक्लोफेनॅकचे जेल आधी वापरून पाहावे असे जाणकारांचे मत आहे, कारण गोळीच्या तुलनेत त्यातील सुमारे ६ टक्केच औषध रक्तात उतरते. तरीही ६५ वर्षांवरील नागरिकाला ऑन्टारियोची औषधयोजना नॅप्रोक्सेनची गोळी देते आणि जेल मात्र त्याला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते. सुरक्षित उपचार महाग आणि जोखमीचा स्वस्त, ही रचना बदलायलाच हवी.

म्हणून प्रत्येक फार्मासिस्ट वाचकाने या महिन्यात दोन कामे करावीत. रोज घेतली जाणारी चिठ्ठीविना दाहशामक गोळी मेड्सचेकच्या मोजणीत धरावी आणि जेलचा समावेश औषधयोजनेत व्हावा, अशी मागणी प्रांताच्या आरोग्य मंत्रालयाला आणि आपल्या आमदाराला लेखी कळवावी. पत्रात अपात्र ठरलेल्या रुग्णांची संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. दुसरे काम आपापल्या मराठी मंडळाच्या पुढील कार्यक्रमात करावयाचे आहे: दाराशी एक टेबल मांडावे आणि ‘घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा’ असे निमंत्रणपत्रातच छापावे. मंत्रालयाचे उत्तर येण्यापूर्वी त्या टेबलावर ज्या पिशव्या उघडल्या जातील, त्यांतून काही आईवडिलांची मूत्रपिंडे नक्की वाचतील.