विश्लेषण : ट्रकची केबिन हेच घर, मग शेजार कसा हवा?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत माल घेऊन आलेल्या ट्रकला लगेच आत घेतले जाईलच असे नाही. थांबा रात्रभराचा झाला की ट्रकची रांग ही एक वस्तीच होते. कारण चालक आणि क्लीनर गाडीतच राहतात. या वस्तीत शेजार आपोआप मिळतो, आडोसा मात्र मिळत नाही.

थांबावे का लागते?

कागल आणि हातकणंगले तालुक्यांत पसरलेली ही वसाहत पुणे-बंगळूरु महामार्गालगत, कर्नाटक सीमेजवळ आहे. कारखान्यात गेटपास, वजनकाटा, माल उतरवणे आणि भरणे यांत वेळ जातो. माल उतरला तरी परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी हलत नाही. रिकामी गाडी लांब नेणे मालकाला परवडत नाही.

शेजाऱ्याचा आधार कसा?

डिझेल, बॅटरी आणि ताडपत्रीखालचा माल यांवर एकट्याने रात्रभर नजर ठेवता येत नाही. शेजारच्या गाडीतील माणसाशी ओळख झाली की आळीपाळीने झोपता येते. एका स्टोव्हवर दोन गाड्यांचा भात होतो, पाण्याचे कॅन भरायला एकच जण जातो. भाडे कुठे मिळेल, पुढे रस्ता कसा आहे, हेही इथेच कळते. भाषा वेगळी असली तरी मोडक्यातोडक्या हिंदीत एवढे भागते.

मग अडचण कोणती?

ही जवळीक निवडलेली नसते. केबिनमधील झोपायची फळी आणि एक पडदा, एवढाच खासगीपणा. रात्रभर गाडी चालवून दुपारी आडवे झालेल्याला शेजारची गाणी ऐकावीच लागतात. घरच्यांशी बोलायचे तर चौघांच्या कानावर जाते. शौचालय जवळ नसेल तर आंघोळ रस्त्याकडेला आणि शौचासाठी अंधाराची वाट. यात चालकाची अप्रतिष्ठा आहेच, त्या रस्त्याने कामाला जाणाऱ्या महिलांचीही कुचंबणा आहे. शिवाय अर्धवट झोपेत निघालेला चालक महामार्गावर इतरांच्याही जिवाला धोका ठरतो.

नियम काय सांगतात?

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. रात्री मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृहाची जबाबदारी मालकावर टाकली. मात्र हा कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन ट्रकचा मालक त्याबाहेरच राहिला. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. पण उभ्या गाडीत एसी चालवायचा तर सहसा इंजिन सुरू ठेवावे लागते. म्हणजे एकाचा गारवा, शेजाऱ्याची झोपमोड.

काय करायला हवे?

हौसेने गाडीत राहणाऱ्या पर्यटकांसाठी राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणले. त्यात पाणी, वीज असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पोटासाठी गाडीत राहणाऱ्याला त्याहून कमी का मिळावे? औद्योगिक वसाहतीतील वाहनतळ म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. आतून कडी लागणारी न्हाणीघरे आणि शौचालये हवीत. झोपणाऱ्यांच्या गाड्या एका बाजूला आणि स्वयंपाकाची, गप्पांची जागा दुसऱ्या बाजूला हवी. दिवे आणि पहारेकरी असले तर झोप शेजाऱ्याच्या भरवशावर राहणार नाही. मग शेजाऱ्याकडे गरज म्हणून नव्हे, आवडीने जाता येईल.

खर्च एमआयडीसी, कारखाने आणि वाहतूकदारांनी वाटून घ्यावा. एक गोष्ट मात्र त्याआधीही करता येईल. गाडी आत घेण्याची वेळ कारखान्याने आदल्या दिवशी मोबाइलवर कळवावी. थांबा किती, हे कळले तरी चालकाला निर्धास्त झोपता येईल.