चाकरमान्याचा विरह

गिरणगावातील साहित्याची दखल मराठी समीक्षेने घेतली ती प्रामुख्याने वर्गसंघर्षाच्या अंगाने. ते गैर झाले असे नाही. परंतु त्या संघर्षाच्या मुळाशी असलेला कुटुंबाचा दुभंग 'विरह' या जुन्या काव्यशास्त्रीय सदरात टाकून आपण मोकळे झालो, हे खटकते.

रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस मुंबईच्या गिरणीत लागला तो पुष्कळदा एकटाच. गाववाल्यांनी मिळून घेतलेली खोली, तीत पाळीपाळीने झोपणे, खाणावळीचे जेवण आणि गावी मनीऑर्डर. पत्नी मागे राहिली, कारण कुटुंब पोसण्याजोगे वेतन नव्हते आणि जमिनीचा तुकडा कुणीतरी कसणे भाग होते. कामगाराच्या आजारपणाचा व म्हातारपणाचा भार गावातल्या त्या स्त्रीने वाहिला, म्हणून गिरणीला मजुरी स्वस्त पडली. अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना'मध्ये गावी राहिलेली पत्नी आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग एकाच ताटातुटीत येतात. त्याला केवळ रूपक म्हणणे अपुरे होय.

आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतही माणसे दूरदूरच्या प्रांतांतून आलेली आहेत. पण येथील कारकुनाच्या सेवापुस्तकात मूळगाव नोंदलेले असते. तेथे जाण्यास दोन वर्षांतून एकदा प्रवास-सवलत मिळते. क्वार्टर मिळते तेही कुटुंबासह राहण्याचे. त्याच्या विरहाची शासनाने तरतूद केली आहे. (त्याच क्वार्टरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूळगाव कोणत्याही पुस्तकात नाही.)

भोजपुरीत भिखारी ठाकूर यांच्या 'बिदेसिया'ने मागे राहिलेल्या स्त्रीला रंगमंच दिला. मात्र तेथेही तिचे शब्द पुरुषाने रचलेले. तिची स्वतःची वाणी ऐकायची तर जात्याकडे वळावे लागते. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत माहेर आणि भाऊ पुनःपुन्हा येतात. तिची पहिली ताटातूट लग्नातच झालेली असते. नवऱ्याचे मुंबईला जाणे ही दुसरी. आपली समीक्षा या दुसरीपासूनच मोजू लागते.

आणि शहरातील खाणावळवाली? एकट्या पुरुषांच्या या जगाला जेवू घालून तिने आपला संसार उभा केला. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे अशा स्त्रियांना संघटित केले. पुढे कित्येकांनी बायकामुले मुंबईस आणली, आणि 1982 च्या संपानंतर गिरण्याच मिटत गेल्या. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये कुटुंब एका छपराखाली आहे. नाही ती गिरणी.