थट्टा भाषेची करा, शिकणाऱ्याची नको

जावात एक ओळ छापायची तर केवढा पसारा, असे पायथॉनवाला म्हणतो. तुमच्याकडे एक स्पेस चुकली की सगळा प्रोग्रॅम आडवा, असे जावावाला सुनावतो. सी-वाला दोघांनाही संथ ठरवतो आणि रस्टवाला त्याला विचारतो, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली नाहीस ना? पीएचपीला तर सगळेच हसतात. प्रोग्रॅमरांमधली ही खेचाखेची मला आवडते, कारण चांगल्या टोमण्यात कामाचा मुद्दा असतो.

रस्टवाल्याचाच टोमणा घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2019 मध्ये सांगितले की, ते दरवर्षी दुरुस्त करतात त्या सुरक्षादोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे येतात. सी आणि सी++ मध्ये अशा चुका सहज होतात. रस्टचा कंपायलर त्यांतल्या बऱ्याचशा प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवतो. यावर कडाक्याचे वाद झाले, आणि डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या लिनक्स 6.1 च्या कर्नेलमध्ये, सी-च्या बालेकिल्ल्यात, रस्टला जागा मिळाली. वाद असा कामी यावा.

तुच्छतेचे मात्र तसे नाही. एड्सगर डायक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातले थोर नाव. 1972 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांचा. त्यांनी 1975 मध्ये लिहिले की कोबोलने बुद्धी पंगू होते, ती भाषा शिकवणे गुन्हाच मानावा. हे वाक्य आजही चवीने सांगितले जाते. पण 1959 मध्ये आकाराला आलेली कोबोल बँकांचे आणि सरकारांचे हिशेब सांभाळत राहिली. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या लाटेत न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्याचे अर्ज तुंबले, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. दोष एकट्या थट्टेचा नव्हता. जुन्या यंत्रणेची वर्षानुवर्षे हेळसांड झाली होती. पण ज्या कामाला आपण कमीपणाचे ठरवतो, ते शिकायला तरुण येणार कुठून?

पीएचपीचेही तेच. मराठी विकिपीडियासकट सगळे विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतात, ती पीएचपीत लिहिलेली आहे. पायथॉनमधली नमपाय ही लायब्ररी वेगाने आकडेमोड करते ती आतल्या सी-च्या जोरावर. वादात भांडणाऱ्या भाषा प्रत्यक्षात एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात.

नव्याने या क्षेत्रात आलेल्या मुलीला कॉलेजने जी भाषा शिकवली, तीच तिला येते. ‘अजून पीएचपीच?’ एवढ्या एका शेऱ्याने ती पुढचा प्रश्न विचारायची थांबते, आणि तिचे शिकणेही तिथेच अडते. म्हणून सीनियर मंडळींना माझी विनंती आहे: भाषेची उणीव दाखवायची तर कोड दाखवून दाखवा, आणि ती उणीव कोणत्या कामात अडते तेही सांगा. तेवढे सांगता येत नसेल, तर शेरा मारू नका.