टर्बोला आधी स्वच्छ हवा द्या
टर्बो गाडी दारात आली की कंपनीचा एअर फिल्टर काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा मोह होतो. आवाज भारदस्त येतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते. पण पैठणच्या रस्त्यांवर हा सौदा मला मुळीच पटत नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. काळ्या रानातली बारीक धूळ त्याच्या पात्यांवर आदळत राहिली की कडा झिजतात, आणि पुढे तीच धूळ सिलिंडर खाते. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो; त्यात बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढली तर ताकद उलट घटते, इंटरकूलरवरचा ताणही वाढतो. शिवाय इंजिनात दुसरा काही बदल केलेला नसेल, तर मूळ पेटीतला कागदी फिल्टर पुरेसा असतो. तरीही बदल करायचाच असेल, तर बंद पेटीचा आणि समोरच्या जाळीतून बाहेरची हवा घेणारा इनटेक निवडा. पाइपांच्या क्लिपा घट्ट आहेत ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागून रोज गाडी हाकणाऱ्यांनो, कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरची वाट न पाहता फिल्टर लवकर बदला.