जॉर्ज कोस्टाचा हँडओव्हर कुणी घेतला?



५ ऑगस्ट २०२५ ला जॉर्ज कोस्टा गेला. वय फक्त ५३. पोर्टो क्लबच्या सराव केंद्रातच हृदयविकाराचा झटका आला. जगाने २००४ साली चॅम्पियन्स लीगचा चषक उचलणारा कप्तान आठवला, ते योग्यच झालं. मुंबईकरांच्या तोंडी मात्र त्याचा हिशेब दोन शब्दांत संपतो: दोन हंगाम, चषक शून्य. मला हा हिशेब पटत नाही. आणि मला वाटतं, आखातात काँट्रॅक्टवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो अजिबातच पटू नये.

ज्यांचा जीव क्रिकेटातच अडकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. हा पोर्टो शहरातच जन्मलेला बचावपटू. १९९१ चा युवा विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकणाऱ्या पोर्तुगाल संघात होता, पुढे देशासाठी ५० सामने खेळला, पोर्टोबरोबर आठ वेळा लीग जिंकला. टोपणनाव 'बिशो', म्हणजे जनावर! २००१-०२ च्या हंगामात कोच ऑक्टाव्हियो मशाडोशी बिनसलं आणि या कप्तानाला चक्क लंडनच्या चार्लटनकडे लोनवर धाडण्यात आलं. मग पोर्टोत मोरिन्यो आला, त्याने कोस्टाला परत घेतलं. २००३ चा युएफा कप आणि २००४ ची चॅम्पियन्स लीग त्याच्याच कप्तानीखाली आली. बचावपटूचं काम आमच्या सर्व्हर सांभाळण्यासारखं असतं. सगळं सुरळीत असेपर्यंत कुणाला आठवण होत नाही, बंद पडलं की पहिला फोन तुम्हालाच.

२००६ ला बूट खुंटीला टांगल्यावर तो कोच झाला आणि खरी भटकंती सुरू झाली. पोर्तुगाल, रोमानिया, सायप्रस, गॅबन, फ्रान्स, भारत. व्हिसाचे शिक्के मोजायचे तर आपल्यापैकी कुणालाही मागे टाकेल असा सीव्ही. त्यात यशही आहे: ओल्यानेन्स नावाच्या छोट्या क्लबला त्याने २००९ साली तीसहून अधिक वर्षांनी पोर्तुगालच्या वरच्या लीगमध्ये नेलं. पण नीट पाहिलं तर एक गोष्ट वारंवार दिसते. रोमानियात क्लुज क्लबने २०११-१२ ची लीग जिंकली. कोस्टाला एप्रिलमध्ये काढलं होतं, चषकाच्या वेळी बाकावर दुसराच माणूस. गॅबनमध्ये दोन वर्षं राष्ट्रीय संघ सांभाळला, आणि २०१७ चा आफ्रिका कप गॅबनमध्येच भरायच्या काही आठवडे आधी हातात नारळ! नवीन कोच कामाखो आला आणि यजमान संघ गटातच बाद झाला. म्हणजे माणूस बदलला की फळ मिळतंच असंही नाही.

आता मुंबई. २०१८ साली तो आला तेव्हा फ्रान्समधल्या टूर्स क्लबबरोबरचा हंगाम वाईट गेलेला होता. मुंबईतही सुरुवातीलाच गोव्याने ५-० ने धुतलं. त्यानंतर संघ सावरला. केरळला अंधेरीच्या मैदानावर ६-१ ने हरवलं, त्यातले चार गोल मोदू सुगूचे. हा सुगू क्लुजमध्ये कोस्टाच्याच हाताखाली खेळलेला. लीगमध्ये तिसरा नंबर आला. मग उपांत्य फेरीत पुन्हा गोवा, आणि घरच्या मैदानावर १-५. परतीचा सामना १-० ने जिंकला, पण उपयोग काय? पुढच्या हंगामात पाचवा नंबर, म्हणजे बाद फेरी एका जागेने हुकली. मार्च २०२० मध्ये खेळ खलास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. २०२० साली कोच म्हणून आणला तो सर्जिओ लोबेरा, म्हणजे गोव्याचा कोच असताना ज्याने मुंबईला ५-० आणि ५-१ दाखवलं तोच! जाहूह, फॉल, बूमूस आणि आपला मंदार राव देसाई अशी गोव्याची मंडळीही मागोमाग आली. २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही मुंबईला.

याचं श्रेय कोस्टाचं, असं मी म्हणणार नाही. पैसा आणि लोबेरा, दोन्ही खरे. पण १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध ९० व्या मिनिटाला विजयी गोल कुणी मारला? बिपिन सिंगने. तो मुंबईत आला २०१८ साली, कोस्टाच्या पहिल्या हंगामात. गोलरक्षक आणि कप्तान अमरिंदरही कोस्टाच्या संघातला. सगळंच नव्याने बांधलेलं नव्हतं.

तिकडे मुंबईत हे, तर इकडे मक्केत काय? आमच्या शहराचा क्लब अल-वहदा, स्थापना १९४५. २०१८-१९ च्या एकाच हंगामात ब्राझीलचा कारिये गेला आणि इजिप्तचा मिदो आला. २०१९-२० ला चौथा नंबर, पुढच्याच वर्षी लीगमधून खाली, मग वर, आणि २०२४-२५ ला पुन्हा खाली. बरं, जिंकलं तर नोकरी टिकते का? कोस्टाचा पोर्टोतला साथीदार बचावपटू पेद्रो इमॅन्युएलने २०१९ साली बुरैदाच्या अल-तआवुनला पहिला किंग्ज कप जिंकून दिला. त्याच उन्हाळ्यात त्यानेही बॅग भरली आणि स्पेन गाठलं.

"परदेशी कोच पैशासाठीच येतात, त्यांचं कसलं कौतुक?" असं काही जण म्हणतील. अहो, आपण तरी इथे हवा खायला आलोय का? पैशासाठी येणं आणि काम मनापासून करणं यात विरोध नाही. निकाल लागला नाही तर काढायचा अधिकारही मालकाचा, मान्य. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. आपल्या धंद्यात माणूस एक्झिटवर जायच्या आधी निदान पंधरा दिवस केटी होते. कोणता पासवर्ड कुठे, कोणती गोष्ट का तशी केली, हे कुणीतरी लिहून घेतं. कोचकडून हे घ्यायला कुणाला तरी शेजारी उभं करावं लागतं, म्हणजे एखादा स्थानिक सहाय्यक, जो पुढचा कोच आला तरी तिथेच राहील. तसं नसेल तर दर दोन वर्षांनी पाटी कोरी, आणि कोस्टासारख्याला दिलेला पगार खरोखरच वाया.

उलट उदाहरणही मुंबईतच आहे. कुवेतमध्ये जन्मलेला खालिद जमील. छोट्याशा मुंबई एफसीने २००९ ते २०१६ इतका काळ त्याच्यावर विश्वास ठेवला. चषक नाही, मोठे खेळाडू नाहीत, पण संघ आय-लीगमध्ये टिकला. २०१७ मध्ये त्याच खालिदने ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि १ ऑगस्ट २०२५ ला तो भारताचा कोच झाला. कोस्टा जायच्या चार दिवस आधी! मुंबई एफसी २०१७ मध्येच बंद पडला, त्या सात वर्षांचं फळ चाखायला तो उरला नाही. पण ती सात वर्षं फुकट गेली असं कोण म्हणेल?

कोस्टाला शेवटी घर मिळालं. २०२३-२४ मध्ये एव्हीएस क्लबला वरच्या लीगमध्ये नेलं आणि त्याच उन्हाळ्यात पोर्टोचा नवा अध्यक्ष विलास-बोआसने फुटबॉल संचालक म्हणून त्याला परत बोलावलं. जेमतेम एक वर्ष मिळालं. परतीचा बेत "अजून एक काँट्रॅक्ट करू आणि मग" म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) याचा विचार करावा.

तोपर्यंत एवढं तरी करू या. शेजारच्या टेबलावर बसणारा सौदी पोरगा उद्या आपली जागा घेणार हे उघड आहे. त्याच्यापासून काम लपवून आपलं काँट्रॅक्ट काही वाढत नाही. त्याला नीट शिकवून जावं.

असो. २०१८-१९ मध्ये अंधेरीला जाऊन कोणी हे सामने पाहिले असतील तर जरूर लिहा. कोस्टा बाकावर बसायचाच नाही, सारखा रेषेवर उभा असायचा असं माझा भाऊ सांगतो. खरं आहे का?

आपला,
मक्केतला एक कोकणी