विमानाआधी प्रोग्रामच उडतो

"मामा, परत उडालं."

भाच्याच्या या तीन शब्दांत सगळी तक्रार आली. मराठीत विमान उडतं, फ्यूज उडतो आणि प्रोग्रामही उडतो. कोल्हापुरात अक्काच्या घरी गेले दोन आठवडे फक्त तिसऱ्या प्रकारचं उड्डाण चालू होतं. मुलगा बारावीत, डोक्यात पायलट व्हायचं. वर्षभर साठवलेल्या पैशांतून त्याने एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर घेतला. तो महिनाभर छान चालला आणि एके दिवशी बसला. आयकॉनवर डबल क्लिक करायचं, पडद्यावर चित्र यायचं, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि सगळं गायब. एरर नाही, निरोप नाही. समोर पुन्हा डेस्कटॉपवरचा जोतिबा.

कोपऱ्यावरच्या दुकानात मशीन जाऊन आलं होतं. निदानाला अर्धं मिनिट लागलं: "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारायला लागंल." दाजी सातशे रुपये काढून द्यायला तयारही होते. अक्काने अडवलं. त्याच मशीनवर दाजींच्या पतसंस्थेची दहा वर्षांची पत्रं श्रीलिपीत पडलेली आहेत, आणि त्यांचा बॅकअप कुठे आहे हे दाजींनाही ठाऊक नाही.

फॉरमॅटविरुद्ध मी या सदरात याआधीही कुरकुर केली आहे. मशीन अडलं की पुसून कोरं करायचं, ही आपल्याकडे दुरुस्तीची सर्वमान्य पद्धत होऊन बसली आहे. घरात उंदीर झाला म्हणून घर पाडायचं, त्यातली गत. पंचाईत अशी की बऱ्याचदा याने गुण येतो. सगळंच गेलं म्हटल्यावर बिघडलेलंही जातं. पण नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. पोरगं घरी येतं, पेनड्राइव्हवरून तीच फुकटची विमानं आणि तेच विमानतळ पुन्हा भरतं, आणि पंधरा दिवसांनी मशीन परत दुकानात. यात दुकानदाराला नावं ठेवून उपयोग नाही. त्याच्या टेबलावर दिवसाला दहा मशीनं येतात. फॉरमॅटचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं. "तासभर फाइल वाचत बसलो होतो" याचे कोण देणार? ही सवय त्याला आपणच लावली.

सिम्युलेटरच्या बाबतीत तर हा उपाय आणखीच चुकीचा, कारण हा प्रोग्राम जन्मापासून मशीनची परीक्षा घेणारा आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर, ब्रूस आर्टविक यांनी केलेला, नोव्हेंबर १९८२मध्ये आला. तो स्वतःच्याच फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचा, डॉसला मध्ये घ्यायचा नाही आणि थेट हार्डवेअरशी बोलायचा. आयबीएमच्या पीसीची हुबेहूब नक्कल बनवणाऱ्या कंपन्यांची तेव्हा रांग लागली होती. हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब, हे बघायला लोक त्या मशीनवर दोन गोष्टी चालवून पाहत: लोटस १-२-३ ही स्प्रेडशीट आणि फ्लाइट सिम्युलेटर. किरकोळ कामं कच्च्या नकलेवरही निघून जात, इथे मात्र पितळ उघडं पडे. चाळीस वर्षांनीही फार फरक नाही. पत्र टाइप करताना किंवा बँकेचं पान उघडताना मशीनला घाम येत नाही. सिम्युलेटर सुरू होताना मेमरी, ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि यूएसबीला लावलेली जॉयस्टिक या चौघांना एकदम हाक मारतो. एकाने जरी नीट ओ दिली नाही तरी तो बसू शकतो.

बसताना तो काहीच बोलत नाही, हा मात्र गैरसमज. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. सुरू झाल्यापासून आपण काय काय केलं ते प्रोग्राम तिच्यात ओळीने लिहीत जातो. आपली आवृत्ती, मशीनची मेमरी, सापडलेलं ग्राफिक्स कार्ड, मग उचललेली प्लगइनं (म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम), भरलेली दृश्यं. खरं विमान पडलं की सगळे काळी पेटी शोधत फिरतात. इथे पेटी आपल्याच फोल्डरमध्ये पडलेली असते आणि आपण ती उघडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. दर वेळी प्रोग्राम सुरू केला की ही फाइल नव्याने लिहिली जाते, आधीची पुसली जाते. म्हणून पडल्यावर चिडून पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. आधी लॉगची कॉपी डेस्कटॉपवर काढून ठेवा.

रविवारी मी अक्काकडे पोचलो. भाच्याने लॉग उघडला, सरळ तळाशी गेला. शेवटी इंग्रजीत लिहिलेलं होतं की हा प्रोग्राम अमुक प्लगइनमुळे कोसळला. अपराध्याचं नाव, तेही लेखी. ढगांचे रंग बदलणारं कुठलं तरी फुकटचं प्लगइन होतं. आम्ही त्याचा फोल्डर रिसोर्सेसमधल्या प्लगइन्समधून उचलून डेस्कटॉपवर ठेवला. डिलीट केला नाही. संशयितावरचा आरोप सिद्ध होईपर्यंत त्याला फक्त बाहेर बसवायचं असतं. भाच्याने क्लिक केलं. पट्टी अर्ध्यापर्यंत, आणि जोतिबा.

या वेळी लॉगच्या शेवटी 'हा प्रोग्राम कोसळला' एवढंच, नाव कुणाचंच नाही. असंही होतं. प्लगइनने प्रोग्रामच्या पाठीमागे स्वतःचं वेगळं काम लावून दिलेलं असलं तर कुणी घोटाळा केला हे त्याला सांगता येत नाही. पडून पुन्हा उठताना एक्स-प्लेन विचारतो, सेफ मोडमध्ये सुरू करू का? आम्ही हो म्हटलं. वरून भरलेलं सगळं बंद ठेवून प्रोग्राम उठला आणि विमान धावपट्टीवर आलं. मुलाचा चेहरा उजळला, पण खरा फायदा वेगळाच होता. प्रोग्राम धडधाकट, विंडोज धडधाकट, ग्राफिक्स कार्डही शाबूत. दुखणं होतं ते आम्हीच आणून भरलेल्या कशात तरी. सातशे रुपयांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

आता पुढचं काम दिवाळीच्या माळेतला गेलेला दिवा शोधण्याचं. कस्टम सीनरी या फोल्डरमध्ये पोराने ३२ विमानतळ भरून ठेवले होते, लुक्लापासून कुठल्या कुठल्या बेटांपर्यंत. एकेक काढून बघितला असता तर ३२ वेळा सुरू करावं लागलं असतं, आणि दर वेळी तीन-चार मिनिटं. निम्मे काढले तर? १६ बाहेर ठेवले, चालला. म्हणजे चोर बाहेरच्या १६मध्ये. त्यातले आठ परत आत घातले, पडला. मग या आठातले चार. "मामा, दोनवर आलो!" पाचव्या फेरीला एकच राहिला. अक्का चहा घेऊन आली तोवर शोध संपला होता. ३२च काय, ६४ असते तरी एकच फेरी वाढली असती. गणिताच्या पुस्तकातली घातांकांची प्रकरणं मुलांना याच्याशी जोडून कुणी शिकवत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.

उरला तो एक छोटा विमानतळ, कुणा हौशी माणसाने फुकट बनवून दिलेला. फोल्डर उघडला तर आत आणखी एक 'प्लगइन्स' फोल्डर. हँगरची दारं उघडमीट करण्यासाठी त्याने आपलं स्वतःचं प्लगइन दृश्याच्या पोटात घालून दिलं होतं, आणि तेही सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं. एक्स-प्लेनमध्ये दृश्यालाही स्वतःचं प्लगइन असू शकतं. हे मला ठाऊक होतं, पण आठवलं नाही. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी जुना लॉग पुन्हा वरून खाली वाचला, तर मध्येच स्वच्छ ओळ होती: या या दृश्याच्या फोल्डरमधून प्लगइनं आणतोय. लोकांना लॉग वाचा म्हणून सांगणारा मी, शेवटच्या दहा ओळी वाचून उठलो होतो. वरचं वाचलं असतं तर पाच फेऱ्याही लागल्या नसत्या.

नंतर ढगांवालं प्लगइन परत आत घालून बघितलं. पहिल्या अपघातात त्याचं नाव होतंच आणि आताही तेच आलं. म्हणजे अपराधी दोन होते. एकाला पकडून केस बंद करणारे पोलीस आणि एक बदल करून "झालं" म्हणणारे दुरुस्ते सारखेच फसतात.

लॉग काही एक्स-प्लेनची मक्तेदारी नाही. फ्लाइटगिअर हा फुकट आणि मुक्त सिम्युलेटरही असाच लॉग ठेवतो. तो सुरू होतानाच पडत असेल तर त्याच्या सेटिंग्जची ऑटोसेव्ह नावाची फाइल बाजूला काढून बघावं, नवी आपोआप तयार होते. मायक्रोसॉफ्टच्या २०२०च्या सिम्युलेटरमध्ये आपण बाहेरून आणून भरलेलं सगळं कम्युनिटी नावाच्या फोल्डरमध्ये जातं. तिथेही तोच निम्म्या-निम्म्याचा खेळ. जिथे धड लॉगच सापडत नाही तिथे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कोणत्या फाइलीत अपघात झाला ते नाव तिथे असतं. नाव ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचं असेल तर ड्रायव्हर बदलून बघण्यात अर्थ आहे. पण बऱ्याचदा तिथे एनटीडीएलएल ही विंडोजची स्वतःची फाइल दिसते, आणि लोक ती नेटवरून उतरवून बदलायला धावतात. कृपा करून हे करू नका. प्रेत ज्याच्या दारात सापडलं तो खुनी असतोच असं नाही, आणि अनोळखी साइटवरून उतरवलेल्या डीएलएलबरोबर घरात काय येईल याचा नेम नाही.

आणखी एक खूण मी दर वेळी बघतो. प्रोग्राम रोज त्याच ठिकाणी पडतो की दर वेळी वेगळीकडे? त्याच ठिकाणी पडत असेल तर कुठली तरी फाइल. कधी दृश्य भरताना, कधी विमान भरताना, कधी मेनूतच पडत असेल तर माझा संशय हार्डवेअरवर जातो. जुळवून घेतलेल्या मशीनमध्ये रॅम जास्त वेगाने पळावी म्हणून बायोसमधली एक्सएमपी ही सोय चालू करून दिलेली असते. ती बंद करून पाहा, आणि एक रात्र मेमटेस्ट८६ चालू ठेवून झोपा. मागे एका वाचकाच्या घरी महागडं ग्राफिक्स कार्ड आत बसवलेलं होतं आणि मॉनिटरची वायर मात्र मदरबोर्डच्या भोकात. वायर दोन इंच खाली सरकवली. वर्षभराचं दुखणं तिथेच गेलं.

मराठी माणसाला बोचणारी एक गोष्टही सांगून टाकतो. विंडोजमधलं आपलं नाव किंवा सिम्युलेटरचा फोल्डर देवनागरीत ठेवला तर काही जुनी प्लगइनं त्या अक्षरांवर अडखळतात आणि बसतात. चूक त्यांची, आपली नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने जगात फक्त एबीसीडी आहे असं धरून चालावं, हे मला मान्य नाही. तरी सिम्युलेटरपुरता फोल्डर रोमनमध्ये ठेवा. भांडण नंतर करू.

कोल्हापूरचं मशीन त्या रविवारपासून नीट चाललंय. विंडोज तेच, श्रीलिपीतली पत्रं तिथेच. भाच्याने त्यांची कॉपी पेनड्राइव्हवर करून दाजींच्या हातात दिली, हा वरचा फायदा. काढून ठेवलेला तो विमानतळ डेस्कटॉपवर अजून पडून आहे. नवी आवृत्ती आली तर बघू म्हणतो.

वाचकांना विनंती एवढीच. तुमचा सिम्युलेटर असा उडायला लागला तर मला जरूर लिहा, पण 'चालू होत नाही' एवढंच लिहू नका. पूर्ण लॉग पाठवा, आणि पडायच्या आधीच्या आठवड्यात काय काय नवीन भरलं ते लिहा. आणि हो, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. फाइलच पाठवा.