‘सशक्त नायिका’ नावाची जात

एन. के. जेमिसिन यांची ‘ब्रोकन अर्थ’ ही कादंबरीत्रयी कुणी वाचायला सुचवली, की सोबत दोन शब्द हमखास येतात: सशक्त नायिका. वाचनगटांत ते ऐकू येतात, पुस्तकांच्या याद्यांत छापले जातात, आणि बोलणे मराठीत सुरू झाले की त्यांची ‘रणरागिणी’ व्हायला वेळ लागत नाही. मला या दोन शब्दांशी भांडायचे आहे. या मालिकेने तीन जाड खंडांत ज्या विचाराची सालटी काढली, तोच विचार हे शब्द तिच्या कपाळावर चिकटवतात.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कथानक फुटेल, पण ही पुस्तके फुटलेल्या कथानकाने बिघडणारी नाहीत. ‘द फिफ्थ सीझन’ २०१५ साली आली, ‘द ओबेलिस्क गेट’ २०१६ साली, ‘द स्टोन स्काय’ २०१७ साली. तिन्हींना लागोपाठ तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. असे आधी कुणाच्याच वाट्याला आले नव्हते, आणि या विभागातला ह्यूगो मिळवणाऱ्या जेमिसिन पहिल्याच कृष्णवर्णीय लेखिका. कथा घडते ‘स्टिलनेस’ नावाच्या भूखंडावर. नाव स्थैर्याचे, जमीन सदा हलती. काही शतकांनी एकदा असा उत्पात होतो की आकाश राखेने भरते आणि वर्षानुवर्षे पीक येत नाही. जमीन शांत करण्याची जन्मजात शक्ती काही माणसांत असते. त्यांना ‘ओरोजीन’ म्हणायचे, पण ते सभ्य भाषेत. एरवी ‘रॉगा’ ही शिवी. अशी मुले गावकरी मारून टाकतात, नाहीतर राजधानीतल्या ‘फुलक्रम’ या संस्थेच्या हवाली करतात. तिथे ‘गार्डियन’ म्हणवणारे लोक त्यांना माणसाळवतात.

एसुन ही त्यांतली एक. बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, लहान गावातली शिक्षिका, शक्ती लपवून जगणारी. आरंभीच ती घरी येते आणि तिचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा मरून पडलेला असतो. मुलगा ‘तसला’ आहे हे बापाला कळले, त्याने त्याला मारून मारून ठार केले, आणि मुलीला घेऊन तो निघून गेला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती धनुष्य देऊन तिला उभी करण्याची सवय लागलेल्या साहित्यप्रकारात ही सुरुवातच अवघड. (अर्सुला ले गुइन यांनी ‘टेहानू’त, १९९० साली, प्रौढ विधवा तेनारला मध्यभागी आणले होते. तेव्हा कित्येक चाहत्यांना प्रश्न पडला होता, जादू गेली कुठे?)

आता ‘सशक्त’ या शब्दाकडे येऊ. स्टिलनेसमध्ये माणसाला नाव असते, नावापुढे त्याच्या उपयोगाची जात असते आणि शेवटी गाव. मान्यताप्राप्त जाती वीस, त्यांतल्या नेहमीच्या वापरातल्या सात. एकीचे नाव ‘स्ट्राँगबॅक’, म्हणजे बळकट पाठीचे. ओझी त्यांनी वाहायची, वाईट काळात राखण त्यांनी करायची. दुसरी ‘ब्रीडर’, जिची निवडच पैदाशीसाठी. जात आईकडून मुलीला आणि बापाकडून मुलाला मिळते, कारण उपयुक्त गुण रक्तातून उतरतात असे तिथले शास्त्र सांगते. म्हणजे या जगात बळकट असणे म्हणजे कुणीतरी तुमच्या पाठीचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला असणे. जिच्या कादंबरीत ‘बळकट’ हे जातीचे नाव आहे, त्या बाईची ओळख आपण ‘सशक्त’ अशी करून देतो, आणि आपल्याला काही खटकत नाही.

अमेरिकेत ही मालिका गुलामगिरीची आणि वंशभेदाची कथा म्हणून वाचली जाते, ते योग्यच आहे. पाठलाग करणाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून नायिका आपल्या तान्ह्याहून थोड्याच मोठ्या मुलाचा श्वास कोंडते, तेव्हा १८५६ सालची मार्गारेट गार्नर आणि तिच्यावरून सुचलेली टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ आठवल्याशिवाय राहत नाही. पण आडनाव विचारून माणसाचे काम, पायरी आणि पाणवठा ठरवणाऱ्या देशातल्या वाचकाने या पुस्तकांपर्यंत पोहोचायला अमेरिकेचा वळसा का घ्यावा? नावात जात घालून हिंडणारी माणसे आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर होती. तरी आपल्याला पानावर दिसते ती फक्त एक ‘दमदार बाई’.

बाईच्या बळाचे कौतुक करून मूळ प्रश्न बुजवण्यात आपण मराठी माणसे मुरलेले आहोत. हिरकणीची दंतकथा घ्या. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ, आणि दूध विकायला आलेली बाई रात्री कडा उतरून गेली. पुढे काय झाले? महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. शाळेत आपण या जागी टाळ्या वाजवतो. पण बुरूज बांधला म्हणजे काय केले? ती ज्या वाटेने सुटली ती वाट बंद केली, आणि त्या बंदोबस्ताला तिचेच नाव दिले. आईसाठी दरवाजा उघडत का नाही, हे या गोष्टीत कुणीच विचारत नाही. गडाच्या बाजूने पाहिले तर हे शहाणपणाचेच. फुलक्रमनेही हेच केले असते. बाईने अशक्य ते केले की तटबंदीतली एक फट कळते.

फुलक्रम बळाचे काय करते, हे जेमिसिन दोन प्रसंगांत दाखवतात. पहिला, डमाया नावाच्या लहान मुलीचा. आईबापांनी तिला गोठ्यात कोंडले आहे. शाफा नावाचा गार्डियन तिला घ्यायला येतो, घोड्यावर पुढ्यात बसवतो, प्रेमाने गोष्ट सांगतो, आणि गोष्ट सांगता सांगता तिच्या हाताची हाडे मोडतो. असह्य वेदनेतही ती शक्तीला आवर घालू शकते का, हे त्याला पाहायचे असते. आपले तिच्यावर प्रेम आहे असेही तो सांगतो, आणि भयंकर म्हणजे ते खरे असते. दुसरा प्रसंग नोड-ठाण्याचा. भूकंप रोखणाऱ्या त्या ठाण्यात खुर्चीला तारांनी जखडलेले एक मूल सापडते. मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याची जाणीव काढून टाकलेली आहे; जमीन शांत करण्याची उपजत क्रिया तेवढी शिल्लक. साम्राज्याला बळ हवे असते, बळाची धनी नको असते. मला वाटते, संपूर्ण त्रयीचे मर्म त्या खुर्चीत आहे, आणि ‘सशक्त नायिका’ म्हणणारा वाचकही नकळत तेच मागतो: शक्तीचे चमत्कार दाखवा, बाकीच्या बाईचा ताप नको.

बाकीची बाई तापच आहे. डमाया, सायनाइट आणि एसुन या तीन बायका वाटतात. पहिला खंड संपत येतो तेव्हा कळते की ही एकच बाई, तीन नावांनी जगलेली. गाव सोडताना तिच्यावर बाण सुटतो, आणि ती रागाच्या भरात ज्यांनी तिचे काही वाकडे केले नव्हते अशा शेजाऱ्यांनाही मारते. दुसऱ्या खंडात त्याहून वाईट कळते. आपल्या मुलीला, नासुनला, जगण्याची शिस्त लावताना तिनेही मुलीचा हात मोडला होता. शाफाने तिला शिकवले तसेच. इथे मला बेबी कांबळे आठवतात. ‘जिणं आमुचं’मध्ये त्यांनी गावाने केलेला जाच लिहिला, आणि तो जाच सोसलेल्या घरांत सुनांचे काय हाल होत तेही तितक्याच स्वच्छपणे लिहिले. ते पान ‘सशक्त’ नाही, ते खरे आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. नासुनला आईपेक्षा शाफा जवळचा वाटतो, कारण त्याने तिचा हात कधी मोडला नाही. आईचा हात ज्याने मोडला तोच हा माणूस. एवढे कडू नाते अद्भुतकथेत मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणखी एक जागा भारतीय वाचकाने अडखळून थांबावे अशी आहे. कॅस्ट्रिमा या भूमिगत वस्तीची प्रमुख इक्का स्वतःची ओळख ‘इक्का रॉगा कॅस्ट्रिमा’ अशी करून देते. जातीच्या जागी शिवी. एसुन दचकते, कारण फुलक्रमने तिला सभ्य शब्द शिकवला आहे. आपल्याकडे ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘अक्करमाशी’ ही आत्मचरित्रांची नावे आहेत. जे दुसऱ्याने फेकले ते मुखपृष्ठावर लिहायचे आणि बघणाऱ्याला खजील करायचे, हे मराठी वाचकाला कुणी समजावून द्यायला नको. पुढे याच वस्तीत ओरोजीनांना ठेवावे की हाकलावे यावर मतदान ठरते, आणि एसुन मतपेटीच नष्ट करते. लोकशाहीवर प्रेम असलेल्या माझ्यासारख्याला तिथे चांगलेच अस्वस्थ व्हायला होते. व्हावेही. कोण माणूस आहे हा प्रश्न मताला टाकता येतो का, यावर त्या प्रकरणाने घातलेला वाद मला अजून मिटवता आलेला नाही.

यावर एक उत्तर नेहमी येते: मुलींना पराक्रमी नायिका हव्यात, त्यात एवढे चिडण्यासारखे काय? हव्यात, नक्कीच. मराठीतल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायिकेचे मुख्य काम संकटात सापडणे हेच असे. तो अनुशेष मोठा आहे. पण पुरुष नायकाचे परीक्षण लिहिताना ‘सशक्त पुरुष’ असे कुणी लिहीत नाही. त्याच्याबद्दल आपण विचारतो की तो कुठे चुकला, कशाला भ्याला, कुणाचे देणे लागतो. हेच प्रश्न बाईला विचारले की तिचा अपमान होतो असे समजणे, हीही तिला बेदखल करण्याची एक रीत झाली.

मालिका निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. दुसरा खंड कॅस्ट्रिमाच्या गुहेत बराच वेळ बसून राहतो. तिसऱ्यातली प्राचीन सिल अनॅजिस्टची प्रकरणे जादूच्या यंत्रणेचा खुलासा करता करता थकवतात. गूढ होते ते आकृती काढून समजावले जाते. शेवट मात्र धाडसी आहे. मायलेकी समोरासमोर येतात, दोघींच्या हाती जगाचे भवितव्य ठरवणारी एकच शक्ती. एसुनला हरवलेला चंद्र परत आणायचा आहे. नासुनला या जगात वाचवण्याजोगे काही दिसत नाही. झुंज चालू ठेवली तर मुलगी मरणार हे एसुनला कळते, आणि ती थांबते. हातातले बळ सोडून देते. ती दगड होते, आणि तिच्याकडे पाहून नासुन आईचे अर्धे राहिलेले काम पुरे करते. ‘सशक्त’ या मापाने मोजले तर आई हरली.

कुणी ही मालिका मराठीत आणायला घेतली, तर त्याला पहिला पेच पडेल तो सर्वनामाचा. एसुनची प्रकरणे द्वितीय पुरुषात आहेत. होआ नावाचा पाषाणभक्षी तिची गोष्ट तिलाच सांगतो आहे. इंग्रजीला एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘तुम्ही आलात’ म्हटले तर बाई की पुरुष कळत नाही आणि माया उरत नाही. ‘तू आलीस’ म्हटले की पहिल्याच वाक्यात ती बाई होते. बंगाली अनुवादकाला लिंगाचा हा प्रश्नच पडणार नाही, हिंदीवाल्याला पडेल. ‘तू’च घ्यावा असे मला वाटते. पण तोच ‘तू’ संवादात शाफाच्या तोंडीही येणार, हात मोडताना. देवाला, आईला आणि खालच्या मानलेल्याला आपण एकाच शब्दाने हाक मारतो. होआचा ‘तू’ आणि शाफाचा ‘तू’ वेगळे ऐकू येतील असे मराठी लिहिणे हे त्या अनुवादाचे खरे काम. मलपृष्ठावरचा मजकूर त्यानेच लिहावा, प्रकाशकावर सोडू नये.